चित्रातील तोल आणि विरोध : पहिल्या छोट्या चौकटीपासून माउंटपर्यंत

काही वर्षांपूर्वी मी एका खोलीचे चित्र रंगवत होतो. डावीकडे पुस्तक वाचत बसलेली एक स्त्री होती आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक लहानशी खिडकी. स्त्रीच्या चेहऱ्यावर मी तीन आठवडे घालवले. खिडकी मात्र पांढऱ्या रंगाच्या चार फटकाऱ्यांत उरकली. चित्र भिंतीला टेकवून ठेवल्यावर पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी खिडकीकडे गेली आणि तिथेच रेंगाळली. चित्र उजवीकडे कलते आहे, असे वाटून मी डावीकडे आधी एक टेबल आणि मग टेबलावर एक फुलदाणी वाढवली. चित्र भरगच्च झाले, पण कल होता तसाच राहिला. शेवटी खिडकीतल्या पांढऱ्यावर राखाडी रंगाचा पातळ थर चढवला, तिच्या चौकटीची कड भिंतीच्या रंगात थोडी मुरू दिली आणि दहा मिनिटांच्या या कामाने चित्र स्त्रीकडे परत आले. टेबल आणि फुलदाणी नंतर खरवडून काढावी लागली, हा भाग वेगळा.

तोल आणि विरोध हे सहसा दोन स्वतंत्र धडे म्हणून शिकवले जातात. विरोधाला चित्रकार रोजच्या बोलण्यात ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. प्रत्यक्ष काम करताना हे दोन धडे एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, असे माझे मत आहे. चित्रातील एखाद्या भागाचे वजन बऱ्याच अंशी तो भाग आपल्या शेजारापेक्षा किती वेगळा दिसतो यावर ठरते, आणि म्हणून कुठेही विरोध वाढवला किंवा घटवला की तोल हलतोच. पुढील पायऱ्या हीच गोष्ट धरून मांडल्या आहेत. पेन्सिल, जलरंग, तैलरंग, ॲक्रिलिक किंवा संगणकाचा पडदा, यांपैकी कोणतेही माध्यम असले तरी त्यांचा क्रम बदलत नाही.

नजरेला जाणवणारे वजन

चित्रचौकटीच्या मधोमध एक उभी अक्षरेषा आहे आणि त्या रेषेवर चित्र सी-सॉसारखे टेकलेले आहे, अशी कल्पना करावी. टेकूजवळ बसलेल्या मोठ्या माणसाला दूर टोकाशी बसलेले लहान मूल जसे उचलून धरते, तसा चित्राच्या मध्याजवळचा मोठा आकार कडेजवळच्या लहान आकाराने तोलला जातो. मोठा आकार लहानापेक्षा जड असतो, हे उघडच आहे. त्याशिवाय वजन वाढवणाऱ्या गोष्टी अशा : पार्श्वभूमीपेक्षा फार उजळ किंवा फार गडद छटा, तीव्र रंग, धारदार कड, बारीक तपशील आणि एकटेपणा. रिकाम्या आकाशातील एकच पक्षी झाडावर बसलेल्या वीस पक्ष्यांपेक्षा अधिक ओढ लावतो. चेहरे, डोळे, हात आणि अक्षरे यांचे वजन त्यांच्या आकाराच्या मानाने फारच जास्त असते. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे वाचता येतील अशी रंगवली, तर त्या रस्त्याच्या चित्रात पाहणारा आधी पाटी वाचतो. रिकाम्या जागेलाही वजन असते. एखादी व्यक्ती डावीकडे पाहत असेल, तर तिच्या नजरेसमोरची मोकळी जागा तिच्या नजरेमुळेच भरलेली वाटते.

हे सगळे एकाच चित्रात पाहायचे असेल, तर जेम्स व्हिसलर याने १८७१ मध्ये रंगवलेले आपल्या आईचे चित्र समोर घ्यावे. त्याने त्याला नाव दिले होते ‘अरेंजमेंट इन ग्रे अँड ब्लॅक नं. १’, म्हणजे राखाडी आणि काळ्याची मांडणी. त्याला कशात रस होता, हे या नावातूनच कळते. काळ्या झग्यातील वृद्ध स्त्री मध्यापासून उजवीकडे बसली आहे आणि तिचा चेहरा डावीकडे वळलेला आहे. एवढा मोठा काळा आकार उजवीकडे असूनही चित्र कलत नाही, कारण डाव्या कडेला वरून खाली येणारा गडद पडदा आहे, भिंतीवर मध्याच्या डावीकडे काळ्या चौकटीतील एक तसबीर आहे आणि स्त्रीची नजरही त्याच बाजूला जाते. छापील प्रतीत पडदा अंगठ्याने झाकून पाहा. स्त्री तत्क्षणी उजवीकडे घसरल्यासारखी दिसते. चित्रातील सर्वांत उजळ जागा फार थोड्या आहेत : टोपी, चेहरा, मनगटाशी असलेली लेस आणि हातातील रुमाल. काळ्या झग्याच्या शेजारी असल्यामुळे त्या लहान असूनही नजर पुन्हा पुन्हा तिथे येते.

पहिली पायरी : एक वाक्य आणि छोट्या चौकटी

मोठ्या कागदाला हात लावण्याआधी चित्र कशाविषयी आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘टेबलावरील वस्तू’ हे वाक्य कामाचे नाही. ‘काळ्या सुरईच्या सावलीत बसलेली पांढरी वाटी’ हे वाक्य कामाचे आहे, कारण त्यात मुख्य काय, दुय्यम काय आणि त्यांचे नाते कोणते, हे तिन्ही ठरते.

मग छोट्या चौकटी आखाव्यात. चित्रकार त्यांना ‘थंबनेल’ म्हणतात. मूळ चित्र ५० बाय ७० सेंटीमीटरचे असेल, तर चौकट ५ बाय ७ सेंटीमीटरची ठेवावी. प्रमाण अडचणीचे असेल, तर मूळ कागदावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण काढावा; त्याच कोपऱ्यातून सुरू होणाऱ्या आणि ज्याचा समोरचा कोपरा त्या कर्णावर पडतो अशा कोणत्याही आयताचे प्रमाण मूळ कागदाइतकेच असते. हा मुद्दा बारीक वाटतो, पण लांबट चौकटीत तोललेली रचना चौरस कॅनव्हासवर नेली की ती मोडते, आणि चूक कुठे झाली हे शोधण्यात दिवस जातो. साधने साधीच हवीत : एक काळा मार्कर, एक मध्यम राखाडी मार्कर आणि कागदाचे पांढरेपण. पेन्सिलीचा मोह टाळावा, कारण पेन्सिल हातात आली की हात बाह्यरेषा काढू लागतो आणि इथे आपल्याला डाग मांडायचे आहेत.

दुसरी पायरी : दोन छटा, मग तीन

पहिल्या पाच-सहा चौकटी फक्त काळ्या आणि पांढऱ्या भराव्यात. यात पाळायचा नियम एकच आहे. जिथे गडद वस्तू आणि तिची सावली एकमेकांना लागून आहेत, तिथे त्यांच्यामधील सीमा पुसून दोघींचा एकच काळा आकार करावा. नवशिक्याला हे जड जाते, कारण सुरई आणि सावली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला ठाऊक असते. डोळ्याला मात्र दुरून एकच डाग दिसतो आणि तोल त्या डागाचा साधायचा असतो. गडद आणि उजळ डागांच्या या मांडणीला जपानी भाषेत ‘नोतान’ म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊ याने हा शब्द तिकडच्या कलाशिक्षणात रुजवला. काळा आणि पांढरा भाग निम्मा-निम्मा येऊ देऊ नये. तसे झाले की आकार कोणता आणि पार्श्वभूमी कोणती, याचा निर्णय नजरेला करता येत नाही.

यानंतर तीन छटा घ्याव्यात. पांढरी, राखाडी आणि काळी यांपैकी एक सर्वांत जास्त जागा व्यापेल, दुसरी मध्यम आणि तिसरी अगदी थोडी, असे ठरवले की एकूण ६ मांडण्या होतात. सहाही करून पाहाव्यात; अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्यातून जे कळते ते महिनाभर वाचून कळत नाही.

माझ्या समोरच्या टेबलावर या क्षणी एक काळपट सुरई आहे, तिच्या उजवीकडे पांढरी वाटी आणि दोघींच्या पुढे एक लिंबू. वस्तू जागच्या न हलवता मी फक्त मागचे कापड बदलतो. मागे काळे कापड लावले की सुरई कापडात विरघळते, तिच्या मानेवरची चकाकी तेवढी उरते, वाटी एकदम पुढे येते आणि चित्र उजवीकडे जड होते. मागे पांढरे कापड लावले की वाटीची एक कड नाहीशी होते, तिच्या पोटातील सावलीमुळेच ती ओळखू येते, आणि आता सुरई डावीकडे खाली ओढू लागते. मध्यम राखाडी कापड लावले की दोघीही सारख्याच मोठ्याने बोलू लागतात. अशा वेळी लिंबू मात्र मागे पडते, कारण पिवळ्या रंगाची छटा उजळ असली तरी वाटीइतकी उजळ नसते. तीन चौकटींत वस्तू त्याच, जागा त्याच, तोल मात्र तीन प्रकारचे. ‘सावलीत बसलेली वाटी’ हे माझे वाक्य असल्यामुळे मी गडद कापड घेतो, वाटी मध्याच्या जवळ सरकवतो म्हणजे तिचे वजन टेकूजवळ येते, आणि डावीकडे सुरईच्या मानेवरील चकाकी जराशी वाढवून तिला विरुद्ध बाजूचे छोटे माप म्हणून वापरतो. लिंबू डावीकडे, कडेच्या जवळ जाते.

तिसरी पायरी : तोलाचा प्रकार

सममित तोलात दोन्ही बाजू जवळपास आरशातल्यासारख्या असतात. त्यातून स्थैर्य, गांभीर्य, कधी कधी देवत्वही सूचित होते, आणि चूक झाली तर कंटाळाही येतो. लिओनार्दो दा विंची याच्या ‘द लास्ट सपर’ या १४९५ ते १४९८ या काळातील भित्तिचित्रात येशू मधोमध आहे, दोन्ही बाजूंना सहा-सहा शिष्य आहेत आणि खोलीच्या सर्व रेषा त्याच्या मस्तकाजवळ एकत्र येतात. इतकी कडक मांडणी असूनही चित्र गोठत नाही, कारण ते सहा जण पुन्हा तीन-तीनच्या गटांत मोडलेले आहेत, प्रत्येक गटाची हालचाल वेगळी आहे आणि कोणताही गट समोरच्या गटाची नक्कल नाही. सममिती वापरायची असेल, तर हेच करावे : मोठे डाग सारखे ठेवावेत आणि त्यांच्या आतले सगळे वेगळे ठेवावे.

असममित तोल अधिक कष्टाचा आणि बहुधा अधिक जिवंत असतो. जपानी चित्रकार होकुसाईच्या सुमारे १८३१ मधील ‘द ग्रेट वेव्ह’ या छापचित्रात डावीकडची लाट अर्धे चित्र व्यापते आणि फुजी पर्वत तिच्यासमोर नखाएवढा दिसतो. तरीही दोघांचा तोल साधतो. फुजी एकटा आहे, त्याचा त्रिकोण स्थिर आहे, त्याच्या पांढऱ्या शिखरामागचे आकाश मुद्दाम गडद राखाडी ठेवले आहे आणि लाटेची कमान वळून पुन्हा त्याच्याचकडे नजर नेते. लहान आकाराला मोठ्यासमोर उभे करण्याचे सारे उपाय इथे एका ठिकाणी पाहायला मिळतात.

केंद्रातून बाहेर पसरणारा अरीय तोल फुले, घुमट, वरून पाहिलेले गोल जिने अशा विषयांत आपोआप येतो. जॅक्सन पोलॉकच्या ठिबकचित्रांसारख्या, म्हणजे कॅनव्हासवर रंग ठिबकवून केलेल्या, रचनांत वजन सगळीकडे सारखे पसरलेले असते. या दोन्ही प्रकारांबद्दल इथे अधिक लिहीत नाही, कारण त्यांत अडचण तोलाची नसून एकसुरीपणाची असते.

असममित तोल साधण्यासाठी मी राखाडी आणि काळ्या कागदाचे तुकडे कापून चौकटीवर सरकवतो. मुख्य तुकडा प्रथम ठेवावा, चौकट कुठे कलते ते पाहावे, मग दुसरा तुकडा विरुद्ध बाजूला कडेपासून मध्याकडे हळूहळू आणावा; एका ठिकाणी तो ‘बसतो’. ही जागा हाताला कळते, आणि ती शोधल्याशिवाय गोंद लावू नये. ‘रूल ऑफ थर्ड्स’ या नावाने ओळखला जाणारा नियम, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करून छेदबिंदूंवर मुख्य वस्तू ठेवणे, सुरुवातीची जागा ठरवायला ठीक आहे. हे नाव १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या लिखाणात आले, आणि त्याचा रोख छेदबिंदूंवर नव्हताच. जमीन आणि आकाश किंवा गडद आणि उजळ यांचे वाटप एकास दोन असावे, असे तो सांगत होता. मला त्याचा मूळ अर्थच जास्त उपयोगी वाटतो. छेदबिंदूवर ठेवलेली फिकी वस्तू फिकीच राहते.

चौथी पायरी : विरोधाची उतरंड

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ९ पायऱ्यांची एक पट्टी स्वतः रंगवून घ्यावी. १ म्हणजे काळा, ९ म्हणजे पांढरा आणि ५ म्हणजे मध्यम राखाडी. आधी दोन टोके रंगवावीत, मग मधली ५ शोधावी, मग ३ आणि ७, आणि शेवटी उरलेल्या पायऱ्या. एका टोकापासून सरळ रंगवत गेल्यास पट्टी निम्म्यावरच संपते.

आता छोट्या चौकटीवर आकडे लिहावेत. मुख्य जागी शेजारशेजारच्या छटांमध्ये मोठी उडी असावी, समजा २ शेजारी ८. दुय्यम जागी तीन पायऱ्यांची उडी पुरते आणि बाकीच्या भागांत शेजाऱ्यांमध्ये एका पायरीहून अधिक अंतर येऊ देऊ नये. ही उतरंड कागदावर लिहिलेली नसेल, तर रंगवताना प्रत्येक कोपरा आपापल्या परीने ‘छान’ होत जातो आणि शेवटी सगळेच कोपरे ओरडतात. कॅराव्हाज्योच्या १५९९–१६०० मधील ‘द कॉलिंग ऑफ सेंट मॅथ्यू’ या चित्राचा मोठा भाग गडद भिंतीने व्यापला आहे. उजवीकडून येणारा उजेडाचा तिरपा पट्टा, त्याखालचा येशूचा हात आणि टेबलाभोवतीचे चेहरे एवढेच त्यातून उचलले गेले आहेत. येशूचे उरलेले शरीर त्याने बेधडक अंधारात टाकले. व्हर्मीरच्या सुमारे १६६५ मधील ‘गर्ल विथ अ पर्ल इअरिंग’ मध्ये गालाची उजळ बाजू काळसर पार्श्वभूमीला थेट भिडते, आणि मोती म्हणजे मानेच्या सावलीत ठेवलेले पांढऱ्या रंगाचे एक-दोन ठिपके आहेत. मोती चमकतो तो सभोवतालच्या सावलीमुळे. उजेडाच्या बाजूला तेच ठिपके दिसलेही नसते.

इथे माध्यमाचा विचार करावा लागतो. कोऱ्या पांढऱ्या कागदावर टाकलेली पहिली मध्यम छटा आहे त्यापेक्षा फार गडद भासते, आणि या भीतीने नवशिक्याचे सारे चित्र फिके राहते. तैलरंग किंवा ॲक्रिलिकमध्ये आधी सगळ्या पृष्ठभागावर ५ क्रमांकाच्या जवळचा पातळ थर द्यावा म्हणजे दोन्ही दिशांचा अंदाज सुरुवातीपासून बरोबर येतो. जलरंगात हे करता येत नाही, म्हणून तिथे सर्वांत उजळ जागा कोऱ्या राखाव्यात आणि मुख्य जागेशेजारचा सर्वांत गडद डाग लवकर टाकून घ्यावा. बाकी छटा त्याच्याशी ताडून लावाव्यात. जलरंग वाळल्यावर फिकट होतो आणि ॲक्रिलिक किंचित गडद होतो, हे लक्षात घेऊन ओल्या रंगावर निर्णय देऊ नये.

पाचवी पायरी : रंग

छटांचा सांगाडा उभा राहिल्यावरच रंगाकडे वळावे. रंगातील विरोध आणि छटेतील, म्हणजे उजळ-गडदपणातील, विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे क्लोद मोने याच्या १८७२ मधील ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रात सर्वांत स्पष्ट दिसते. राखाडी-निळ्या धुक्यातील नारिंगी सूर्य डोळ्याला पेटल्यासारखा वाटतो, पण चित्राचे कृष्णधवल छायाचित्र पाहिले तर सूर्य जवळपास नाहीसा होतो, कारण त्याची छटा मागच्या आकाशाइतकीच आहे. छटा सारखी आणि रंग विरुद्ध असल्यामुळे तो सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. हा परिणाम मुद्दाम हवा असेल तर उत्तम. नकळत आला तर चेहऱ्याची कड डोळ्याला टोचते आणि कारण सापडत नाही.

रंग एकटा कधीच दिसत नाही. पॅरिसमधील गोबेलँ येथील विणकामशाळेत रंगकामाचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल याच्याकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती; रंग तपासल्यावर त्याला कळले की दोष काळ्या सुतात नसून त्याच्या शेजारच्या रंगांत आहे. शेजारचे रंग एकमेकांना आपल्या पूरक रंगाकडे, म्हणजे रंगचक्रात समोर येणाऱ्या रंगाकडे, ढकलतात, हे त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडले. याचा थेट उपयोग असा : एखादा लाल पुरेसा लाल दिसत नसेल, तर त्यात आणखी लाल न घालता त्याच्या शेजारचा राखाडी किंचित हिरव्याकडे झुकवावा. चित्राचा तोल न हलवता विरोध वाढवण्याचा याहून हलका उपाय मला माहीत नाही, कारण वजन वाढते ते कुजबुजण्याएवढे.

पूरक रंगांच्या वाटपाबद्दल जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेतील शिक्षक योहानेस इटेन याने जर्मन कवी ग्योटे याने रंगांच्या उजळपणाला दिलेल्या आकड्यांच्या आधारे प्रमाणे सांगितली होती : पिवळा आणि जांभळा एकास तीन, नारिंगी आणि निळा एकास दोन, लाल आणि हिरवा सारखे. ही प्रमाणे शुद्ध, पूर्ण तीव्रतेच्या रंगांसाठी आहेत आणि ती मोजपट्टीने पाळण्यात अर्थ नाही. पण तेजस्वी रंग थोडा आणि गडद रंग अधिक, ही त्यामागची दिशा घेण्यासारखी आहे. प्रमाण जाणूनबुजून मोडायचे असेल, तर पीट मोन्द्रियान याची १९३० मधील लाल, निळ्या आणि पिवळ्याची रचना पाहावी. उजवीकडे वर प्रचंड लाल चौरस आहे. त्याला खाली डावीकडचा छोटा गडद निळा, काठावरचा पिवळा तुकडा आणि मधल्या जाड काळ्या पट्ट्या मिळून धरून ठेवतात. माझ्या टेबलावरच्या चित्रात लिंबू हा एकमेव तीव्र रंग असेल, त्यामुळे मागचे काळे कापड मी काळ्या रंगाने न रंगवता जांभळटाकडे झुकणाऱ्या गडद मिश्रणाने रंगवीन.

कड, पोत, आकार आणि दिशा यांतील विरोधाचे तत्त्व हेच आहे, म्हणून थोडक्यात. मुख्य जागी एक तरी धारदार कड असावी आणि त्यापासून दूर जाताना कडा मऊ होत जाव्यात. खरबरीत पोत गुळगुळीत पोताशेजारी अधिक खरबरीत वाटतो. आडव्या रेषांच्या चित्रात एकच तिरपी रेषा पुष्कळ वजन धरते, तेव्हा ती कुठे नेऊन सोडायची हे आधी ठरवावे. चारही विरोध एकाच जागी पूर्ण ताकदीने लावले तर ती जागा चित्रातून कापून काढल्यासारखी दिसते. मी एका वेळी दोनच पूर्ण वापरतो.

सहावी पायरी : तपासणी आणि दुरुस्ती

चित्र निम्मे झाल्यावर पहिली तपासणी करावी, शेवटी नव्हे. शेवटी केलेली तपासणी फक्त मनस्ताप देते. डोळे बारीक करून पाहिल्यावर तपशील विरघळतात आणि मोठे डाग उरतात. ते डाग छोट्या चौकटीतल्यासारखेच आहेत का, हे पाहावे. चित्र आरशात पाहावे, कारण रोज पाहून सवयीचा झालेला कल उलट बाजूला गेला की लगेच खुपतो. चित्र उलटे, डोके खाली करून ठेवावे. मग स्त्री, सुरई, खिडकी अशी नावे गळून पडतात आणि वजन तेवढे दिसते. फोनवर कृष्णधवल छायाचित्र काढणे सोयीचे असते, पण एक सावधगिरी हवी. रंगाची तीव्रता सरळ शून्यावर आणणाऱ्या काही साधनांत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा सारख्याच राखाडी छटेचे दिसतात, आणि डोळ्याला तर निळा कितीतरी गडद दिसतो. साधनाचा निकाल आणि बारीक केलेल्या डोळ्यांचा निकाल वेगळा आला, तर डोळ्यांचे ऐकावे.

चित्र एका बाजूला कलत असेल, तर उपायांचा क्रम ठरलेला ठेवावा. प्रथम जड बाजूचा विरोध कमी करता येतो का, हे पाहावे : उजळ डाग एक-दोन पायऱ्या खाली आणणे, कड मऊ करणे, रंगाची तीव्रता मोडणे. ते पुरले नाही, तर हलक्या बाजूला आधीच असलेल्या एखाद्या वस्तूचा विरोध वाढवावा. वस्तू हलवणे हा तिसरा उपाय आणि नवी वस्तू आणणे सर्वांत शेवटचा. नवशिके हा क्रम नेमका उलटा लावतात, मीही लावत होतो. कारण नवी वस्तू काढण्यात काहीतरी केल्याचे समाधान असते आणि स्वतः रंगवलेला उजळ डाग झाकताना हात जड होतो.

चित्र तोललेले आहे पण निर्जीव वाटते, अशीही तक्रार असते. बहुतेक वेळा तिथे दोन प्रतिस्पर्धी सारख्या वजनाचे झालेले असतात आणि नजर त्यांच्यात येरझाऱ्या घालते. दोघांपैकी एकाला निश्चितपणे हरवावे. अर्धवट हरवून चालत नाही. चित्राच्या कडेला एखादी उजळ वस्तू अर्धी कापली गेली असेल, तर नजर तिथून बाहेर निसटते. तिची छटा शेजाऱ्यांच्या एका पायरीच्या आत आणली की ती जागा बंद होते. कोपऱ्यांकडे म्हणूनच वेगळे लक्ष द्यावे. चार कोपऱ्यांपैकी दोघांच्या छटा तरी एकमेकांपासून वेगळ्या असाव्यात, नाहीतर चित्र गालिच्यासारखे सपाट दिसू लागते.

माउंट आणि चौकट

शेवटचा विरोध चित्राच्या बाहेर असतो. शुभ्र पांढऱ्या माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या किनारीत, ठेवले की जलरंगातील राखून ठेवलेले पांढरे एकदम मळकट दिसू लागते, कारण आता त्याहून उजळ काहीतरी त्याच्या शेजारी आले आहे. काळ्या चौकटीत तेच पांढरे पुन्हा झगमगते, पण चित्रातील मऊ गडद भाग धुरकट वाटू लागतात. म्हणून पुठ्ठ्याच्या काटकोनी दोन पट्ट्या कापून, त्या पांढऱ्या, राखाडी आणि गडद अशा तीन रंगांत तयार ठेवाव्यात आणि चित्र रंगवत असतानाच अधूनमधून त्याच्याभोवती धरून पाहाव्यात. माउंटची छटा चित्रातील सर्वांत उजळ छटेपेक्षा एक पायरी खाली असली की चित्रातील उजेड चित्रातच राहतो. पट्ट्या आत-बाहेर सरकवताना कधी कधी असेही आढळते की उजवीकडचे दोन सेंटीमीटर कापून टाकले तर तोल अधिक बरा होतो. तैलचित्राचा कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणण्याआधी किंवा कागद माउंटमध्ये चिकटवण्याआधी ते दोन सेंटीमीटर झाकून एक दिवस चित्र समोर ठेवावे आणि मग कात्री उचलावी.